अपमार्गी हृद्रोहिणी आणि हृत्स्नायुविकृती : एका उपचाराचा इतिहास

१९३३ साली बोस्टन येथील एडवर्ड ब्लँड, पॉल डडली व्हाइट आणि जोसेफ गार्लंड या तीन डॉक्टरांनी एका तीन महिन्यांच्या मुलाचा वृत्तान्त ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. हे मूल दूध पिताना मध्येच थांबे, कासावीस होई, त्याचा चेहरा पांढराफटक पडे आणि अंगाला दरदरून घाम सुटे. थोड्या वेळाने झटका ओसरे व मूल पुन्हा शांत होई. तान्ह्या मुलाला दूध ओढण्याइतके श्रमाचे दुसरे काम नसते. प्रौढ माणसाला चढण चढताना छातीत जी कळ येते तिचेच हे तान्हेपणातील रूप असावे, असा तर्क या लेखकांनी केला. विद्युत्‌हृल्लेखही तेच सुचवीत होता. मूल दगावले. शवपरीक्षेत हृदय अतोनात वाढलेले आढळले, डाव्या निलयाची भिंत जागोजाग मृतवत झालेली दिसली आणि कारणही समोर आले. डावी हृद्रोहिणी, म्हणजे ज्या वाहिनीने हृदयाच्या डाव्या बाजूच्या स्नायूला रक्त मिळावयाचे ती, महारोहिणीला जोडलेली नसून फुप्फुसरोहिणीला जोडलेली होती.

या विकृतीस पुढे तिघांच्या नावांनी ओळखण्याचा प्रघात पडला. व्हाइट हे १९५५ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हृदयविकाराच्या प्रसंगी जगभर प्रसिद्धीस आले. गार्लंड हे बालरोगतज्ज्ञ असून नंतर एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाचे दीर्घकाळ संपादक होते. परंतु ही विकृती प्रथम त्यांनीच पाहिली असे मात्र नव्हे. मॉस्को येथील विकृतिशास्त्रज्ञ अब्रिकोसोव्ह यांनी १९११ मध्येच पाच महिन्यांच्या एका मुलात ती वर्णिली होती. (१९२४ मध्ये लेनिन यांच्या शवाची परीक्षा करणारे ते हेच.) त्याच्याही मागे जावे लागते ते १८८५ मध्ये, डब्लिनला. या विकृतीच्या उपचाराचा जो इतिहास पुढे सांगावयाचा आहे त्याचे मर्म त्या डब्लिनच्या लेखात आहे, आणि ते मर्म शरीररचनेइतकेच भाषेचेही आहे.

डब्लिनचे सेंट जॉन ब्रुक्स यांना शवविच्छेदनात अशी दोन हृदये मिळाली, की ज्यांत एक हृद्रोहिणी फुप्फुसरोहिणीपासून निघाली होती. दोन्ही माणसे प्रौढ वयापर्यंत जगली होती. ती वाहिनी आणि तिला येऊन मिळणाऱ्या शाखा फुगून वेड्यावाकड्या झाल्या होत्या. ब्रुक्स यांच्याजवळ दाब मोजण्याचे साधन नव्हते, जिवंत रुग्णही नव्हता. होता तो केवळ वाहिन्यांचा आकार. त्यावरून त्यांनी असे अनुमान केले की, या वाहिनीतील रक्त फुप्फुसरोहिणीकडून स्नायूकडे जात नसून उलट दिशेने वाहत असले पाहिजे. दुसऱ्या, नीट जोडलेल्या हृद्रोहिणीतील जोरकस रक्त आंतरशाखांतून या वाहिनीत शिरते आणि तिच्यावाटे कमी दाबाच्या फुप्फुसरोहिणीत निसटून जाते. वाहिनी फुगली ती त्यामुळेच. हे अनुमान बरोबर होते. तथापि उपचाराच्या विचारात त्याला स्थान मिळण्यास सुमारे सत्तर वर्षे जावी लागली.

एवढा विलंब का झाला? प्रयोगाची साधने नव्हती हे एक कारण खरे. हृदयात नळी घालून दाब व प्राणवायूचे प्रमाण मोजण्याची पद्धत १९४० नंतरच रुळली. परंतु दुसरे कारण विकृतीच्या नावातच दडलेले आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ क्राउझ यांनी १८६५ मध्ये लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकात जादा हृद्रोहिणीच्या फुप्फुसरोहिणीपासून होणाऱ्या ‘उगमा’चा उल्लेख आहे. ब्रुक्स यांच्या शीर्षकातही वाहिनी फुप्फुसरोहिणीपासून ‘निघते’ असेच शब्द आहेत. त्यानंतरचे बहुतेक सर्व लेखक ‘अपसामान्य उगम’ हाच प्रयोग करीत आले. जर्मन ‘आउस’, इंग्रजी ‘फ्रॉम’ आणि मराठी ‘पासून’ ही तिन्ही अपादानाची चिन्हे होत. शरीररचनाकार ती स्थानाच्या अर्थाने वापरतो. वाहिनीचे रुंद टोक जेथे आहे तेथून तो वर्णनास प्रारंभ करतो, एवढेच. परंतु उगम म्हटला की प्रवाह आला, आणि ‘पासून’ म्हटले की त्या प्रवाहाची दिशा ठरली. गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरी, असे म्हणणाऱ्याच्या मनात पाणी त्र्यंबककडे वाहत असेल ही शंकाही येत नाही. विभक्तीने स्थान सांगितले आणि वाचकाने गती ऐकली.

वस्तुतः ‘पासून’ हा शब्द या वाहिनीच्या आयुष्याच्या पहिल्या टप्प्यापुरता खराच असतो. गर्भावस्थेत महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणी यांतील दाब जवळजवळ सारखाच असतो. त्यामुळे चुकीच्या ठिकाणी जोडलेल्या हृद्रोहिणीलाही पुरेशा जोराने रक्त मिळते व स्नायू व्यवस्थित पोसला जातो. जन्मानंतर फुप्फुसे उघडतात आणि काही आठवड्यांत फुप्फुसरोहिणीतील दाब उतरतो. दाब उतरला की डाव्या स्नायूची उपासमार सुरू होते. उजव्या हृद्रोहिणीपासून आंतरशाखा वाढत डाव्या बाजूकडे येतात. परंतु त्यांनी आणलेले रक्त स्नायूत मुरण्यापूर्वीच कमी दाबाच्या वाटेने फुप्फुसरोहिणीत निघून जाते. आंतरशाखा दुबळ्या असल्या तर मूल दोनतीन महिन्यांतच खंगू लागते. त्या भक्कम असल्या तर माणूस प्रौढ होतो आणि ब्रुक्स यांच्या दोन हृदयांसारखे हृदय मागे ठेवतो. सुमारे तीन लाख जन्मांमागे एक अशी ही विकृती असून, उपचारावाचून बहुसंख्य मुले पहिल्या वर्षातच मृत्युमुखी पडतात.

१९५० च्या आसपास शल्यविशारदांनी या मुलांसाठी जे उपाय योजले ते ‘पासून’च्या समजुतीशी किती घट्ट बांधलेले होते हे पाहण्यासारखे आहे. स्नायूला फुप्फुसरोहिणीतील काळपट, प्राणवायू कमी असलेले रक्त मिळते, म्हणून तो दुबळा होतो, असे गृहीत धरण्यात आले. मग फुप्फुसरोहिणीतील रक्तच अधिक तांबडे करावे, या हेतूने महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणी यांमध्ये कृत्रिम जोड देण्यात आला. कोणी फुप्फुसरोहिणी फितीने आवळून तिच्यातील दाब वाढविला. कोणी हृदयावरणात भुकटी टाकून तेथे दाह उत्पन्न केला, की त्यायोगे नव्या वाहिन्या फुटाव्यात. फुप्फुसरोहिणी आवळण्यात थोडे तथ्य होते हे मान्य केले पाहिजे. दाब वाढला म्हणजे निसटणारे रक्त थोडेफार अडते. पण ते ज्या कारणाने करण्यात आले ते कारण चुकीचे होते, आणि हाती येणारे यश अल्प होते.

१९५८ मध्ये जेसी एडवर्ड्स या विकृतिशास्त्रज्ञाने हा प्रश्न पुन्हा मांडला. या वाहिनीकडे रोहिणी व नीला यांना जोडणाऱ्या वाटेप्रमाणे पाहावे, रक्त तिच्यातून फुप्फुसरोहिणीकडे निसटते, आणि म्हणून ती तिच्या तथाकथित उगमाजवळ बांधून टाकणे हितावह ठरावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या वाटेने स्नायूला रक्त मिळते असे सर्व जण मानीत होते तीच बंद करावयाची, हा सल्ला वरवर पाहता भयंकर होता. त्याची परीक्षा बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाली. डेव्हिड सॅबिस्टन यांनी कॅथरिन नील व हेलन टॉसिग यांच्यासह १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखाच्या शीर्षकातच ‘रक्तप्रवाहाची दिशा’ हे शब्द आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांनी डावी हृद्रोहिणी फुप्फुसरोहिणीच्या तोंडाशी क्षणभर चिमटीत धरली. रक्त फुप्फुसरोहिणीकडून येत असते तर चिमट्यापुढील दाब उतरावयास हवा होता. तो चढला. त्या वाहिनीतून काढलेले रक्त महारोहिणीतील रक्ताप्रमाणेच प्राणवायूने भरलेले होते. मग ती वाहिनी कायमची बांधण्यात आली आणि मूल जगले.

उपचाराच्या इतिहासात असे प्रसंग विरळा, की जेथे एकाच चिमट्याने एका शब्दयोगी अव्ययाचा निकाल लागला. ब्रुक्स यांचे अनुमान पंचाहत्तर वर्षांनी जिवंत हृदयावर सिद्ध झाले.

वाहिनी बांधण्याने गळती थांबली. परंतु संपूर्ण हृदय एकट्या उजव्या हृद्रोहिणीच्या आधारावर राहिले. ज्या मुलांच्या आंतरशाखा दुबळ्या होत्या त्यांना एवढा आधार पुरला नाही, आणि जी मुले वाचली त्यांच्यापैकी काहींना पुढे आकस्मिक मृत्यू आला. म्हणून दोन वाहिन्यांचे हृदय पुन्हा उभे करणे हे ध्येय ठरले. १९५३ पासून हृदय-फुप्फुस यंत्र उपलब्ध झाले होते, त्यामुळे ते ध्येय आता अशक्य वाटेना. ह्यूस्टन येथे डेंटन कूली व त्यांचे सहकारी यांनी महारोहिणीपासून डाव्या हृद्रोहिणीपर्यंत कलम जोडल्याचे १९६६ मध्ये कळविले. १९६८ मध्ये हाताकडे जाणारी अधोजत्रुक रोहिणी वळवून तीच डाव्या हृद्रोहिणीला जोडण्याची रीत पुढे आली. १९७४ मध्ये नेचेस व त्यांचे सहकारी यांनी ती वाहिनी मुळासकट उचलून थेट महारोहिणीत रोवली. १९७९ मध्ये जपानमधील ताकेउची यांनी, जेथे वाहिनी महारोहिणीपर्यंत पोहोचत नाही तेथे फुप्फुसरोहिणीच्या आतूनच बोगदा काढून रक्त नेण्याची युक्ती सांगितली. हा बोगदा कालांतराने गळतो किंवा फुप्फुसरोहिणीला अरुंद करतो असे अनुभवास आल्यामुळे आज थेट रोपणच बहुतेक ठिकाणी पसंत केले जाते. मोठ्या रोहिण्यांची अदलाबदल झालेल्या मुलांवर झाटेने यांनी १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये जी शस्त्रक्रिया यशस्वी केली तीत हृद्रोहिण्या भोवतालच्या गोल चकतीसह उचलाव्या लागत. त्या सरावाने हे रोपण शल्यविशारदांच्या हातवळणी पडले.

याच विषयाची दुसरी शाखा म्हणजे हृद्रोहिणीची टोके भलत्या ठिकाणी उघडणे. येथे उगम योग्य असतो, अंत चुकतो. वाहिनी स्नायूत विरून जाण्याऐवजी उजव्या निलयात, अलिंदात किंवा फुप्फुसरोहिणीत जाऊन उघडते. क्राउझ यांचा १८६५ चा निबंध आज सर्वत्र या वर्गातील पहिले वर्णन म्हणून सांगितला जातो. म्हणजे त्यांच्या शीर्षकातील ‘उगम’ हा पुढील पिढ्यांनी ‘मुख’ म्हणून वाचला. शल्यचिकित्सेतील पहिला प्रसंग स्टॉकहोमचा. ब्योर्क आणि क्राफोर्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या वृत्तान्तात रुग्णाला निराळाच जन्मजात दोष असल्याचे समजून छाती उघडण्यात आली होती आणि आत आढळली ती अशी जोडणी. मराठी वैद्यकीय परिभाषेत अशा वाटेला ‘नालव्रण’ म्हणतात. मूळ लॅटिन ‘फिस्टुला’ म्हणजे नळी अथवा पावा. तिच्यात व्रणाचा संबंध नाही. मराठी पर्याय भगंदरासारख्या वाहत्या जखमांवरून बेतला गेला असल्याने त्यात व्रण आला. हृद्रोहिणीच्या बाबतीत जखम नसते, पू नसतो. असते ती जन्मतः राहून गेलेली वाट. म्हणून प्रस्तुत निबंधात ‘जोडणी’ हाच साधा शब्द वापरला आहे. प्राचीनांचीही या बाबतीत फसगत झालीच होती. ग्रीक ‘आर्टेरिया’ हा शब्द श्वासनलिकेलाही लावीत आणि रोहिण्यांतून वायू वाहतो असे मानीत. संस्कृत ‘धमनी’ हा शब्दही ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे या धातूचा आहे. मराठी कोशकारांनी पसंत केलेला ‘रोहिणी’ हा तांबडेपणाचा शब्द त्या मानाने निर्दोष म्हणावा लागेल.

आता हृत्स्नायुविकृती या नावाकडे वळावयाचे. ते नाव १९५७ चे. लंडनचे वॉलेस ब्रिग्डेन यांनी ‘लॅन्सेट’मधील एका लेखात स्नायूच्या काही विरळ विकारांना ‘कार्डिओमायोपथी’ म्हटले आणि त्यापूर्वी ‘हृद्रोहिणीशी असंबद्ध’ असे विशेषण जोडले. ग्रीक भाषेत ‘मिस्’ म्हणजे स्नायू आणि उंदीरही. संस्कृत ‘मूष’ त्याचाच सगोत्र. ग्रीकांना कातडीखाली उंदीर धावताना दिसला, मराठी माणसाला दंडात बेटकुळी दिसते. असो. महत्त्वाची गोष्ट ही की, हे नाव जन्मास आले तेच नकाराच्या पोटी. हृद्रोहिण्यांचा दोष नाही, म्हणून दोष स्नायूचा. १९६१ मध्ये गुडविन व त्यांचे सहकारी यांनी त्याची व्याख्या अज्ञात वा अस्पष्ट कारणाचा विकार अशी केली आणि १९८० च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ‘अज्ञात कारणाचे हृत्स्नायुविकार’ हीच व्याख्या ठरली.

‘कारण अज्ञात’ हे विधान वैद्याच्या स्थितीविषयी आहे, रोगाविषयी नव्हे. परंतु नाव एकदा नोंदवहीत चढले, की ते कारणाच्या रकान्यात जाऊन बसते. मूल का खंगते? हृत्स्नायुविकृतीमुळे. अशा रीतीने उत्तर दिले गेले की शोध संपतो. अपमार्गी हृद्रोहिणीच्या मुलांवर नेमका हाच प्रसंग येत राहिला. त्यांचे हृदय फुगलेले, आकुंचन मंद, डाव्या बाजूची झडप गळकी, आतील अस्तर पांढरट व जाड. यांपैकी प्रत्येक लक्षण विस्फारित हृत्स्नायुविकृतीतही आढळते. अस्तर जाड होण्याला पूर्वी ‘गर्भावस्थेतील अंतर्हृद्दाह’ म्हणत; १९४३ मध्ये वाइनबर्ग व हिमेलफार्ब यांनी त्याला तंतुजन्य स्थूलतेचे नवे नाव दिले, पण ते नावही वर्णनच होते. मुलाच्या हृदयात विद्युत्‌हृल्लेखावर डाव्या पार्श्वभागी झटक्याच्या खुणा असतील, उजवी हृद्रोहिणी प्रमाणाबाहेर रुंद असेल, तर डावी कोठे जोडली आहे हे पाहिलेच पाहिजे, हा नियम पाठ्यग्रंथांत आला तो अशा अनेक चुकांनंतर. आजही या मुलांचे पहिले निदान पुष्कळदा विस्फारित हृत्स्नायुविकृती असेच होते.

चुकीची किंमत येथे असाधारण आहे. कारण खऱ्या विस्फारित हृत्स्नायुविकृतीत औषधांनी वेळ मिळतो आणि शेवटी हृदयारोपणाचा विचार करावा लागतो, तर या मुलांचा स्नायू बहुतांशी मेलेला नसून निपचित असतो. कमी रक्तावर जीव टिकविण्यासाठी स्नायू आपले आकुंचनच आवरून धरतो, या अवस्थेला रहिमतुला यांनी १९८० नंतरच्या दशकात शीतनिद्रेची उपमा रूढ केली. उपमा थंड देशातील प्राण्याची आहे. महाराष्ट्रात कोरड्या गाळात निजून पहिल्या पावसाची वाट पाहणारा बेडूक तिच्या अधिक जवळचा. वाहिनी महारोहिणीत रोवल्यावर, अगदी हताश वाटणारे हृदयसुद्धा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुष्कळ प्रमाणात सावरते, फुगवटा उतरतो, झडपेची गळती अनेकदा वेगळ्या दुरुस्तीवाचून कमी होते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस यंत्राच्या आधाराने काढावे लागले तरी चालते. म्हणून आकुंचन कितीही मंद असले तरी आरोपणाआधी रोपण, हा क्रम सर्वमान्य झाला आहे.

निदानाच्या बाजूने हा क्रम शक्य झाला तो १९८० नंतर प्रचारात आलेल्या रंगीत डॉप्लर तपासणीमुळे. पूर्वी ज्यासाठी हृदयात नळी घालून रंजकद्रव्य सोडावे लागे ते आता ध्वनिलहरींनी पाळण्याशेजारी दिसू लागले. या तपासणीत तपासयंत्राकडे येणारे रक्त तांबडे आणि दूर जाणारे निळे दाखविण्याचा संकेत आहे. त्याचा रक्तातील प्राणवायूशी काहीही संबंध नाही, केवळ दिशेशी आहे. डाव्या हृद्रोहिणीत रंग उलटा दिसला आणि फुप्फुसरोहिणीत भलत्याच जागी एक झोत उठला, की निदान होते. ब्रुक्स यांना जे फुगलेल्या शवातील वाहिन्यांवरून ताडावे लागले तेच येथे पडद्यावर रंगाने लिहिले जाते.

हृत्स्नायुविकृतीच्या रुग्णात अपसामान्य जोडणी सापडली म्हणजे ती नेहमी कारणच असते, असा उलट आग्रहही धरता येत नाही. स्नायू जाड होण्याच्या प्रकारात हृद्रोहिणीच्या बारीक शाखा थेट डाव्या निलयात उघडलेल्या कधी कधी आढळतात. त्या इतक्या सूक्ष्म व विखुरलेल्या असतात की बंद करण्याजोगे एक तोंडच सापडत नाही. तेथे औषधोपचारावरच भिस्त ठेवावी लागते. मॉरो यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत दोन निलयांमधील जाड पडद्याचा भाग कापून काढताना कापलेल्या शाखांची तोंडे निलयात उघडी राहतात; ही जोडणी विकृतीचे कारण नव्हे, उपचाराचा परिणाम होय, आणि ती बहुधा आपोआप मिटते. हृत्स्नायुविकृतीमुळे ज्यांच्यात दुसऱ्याचे हृदय बसविले आहे त्यांच्यात, वारंवार घ्याव्या लागणाऱ्या स्नायूच्या तुकड्यांमुळे उजव्या निलयात अशाच वाटा तयार होतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. मोठ्या, एकेरी जोडणीची गोष्ट निराळी. तिच्यातून पुष्कळ रक्त निसटते, हृदयावर भार पडतो, स्नायू उपाशी राहतो. म्हणून ती बंद करावी असे मानले जाते. १९८३ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी नळीवाटे सुटा फुगा सोडून हृद्रोहिणीची अशी एक वाट शस्त्रक्रियेवाचून बुजविली. पुढे धातूची वेटोळी व बुचे आली. पण येथेही प्रवाहाने आपला हिशेब चुकता केला. वर्षानुवर्षे मोठा लोट वाहून रुंद झालेल्या वाहिनीत, वाट बुजताच रक्त मंदावते आणि गोठते. त्यामुळे जोडणी यशस्वीपणे बंद झालेल्या रुग्णालाच नंतर हृदयविकाराचा झटका आल्याची उदाहरणे आहेत. म्हणून रक्त न गोठू देणारी औषधे व दीर्घकाळ देखरेख यांची आवश्यकता पटली.

नावाची दुरुस्तीही याच काळात होत गेली. १९९५ च्या वर्गीकरणाने ‘अज्ञात कारण’ ही अट सोडली. २००८ मध्ये युरोपीय हृद्रोगतज्ज्ञांच्या संस्थेने हृत्स्नायुविकृतीची जी व्याख्या केली तिच्यात हृद्रोहिणीचा विकार, रक्तदाब, झडपांचे दोष आणि जन्मजात दोष ही चारही कारणे वगळण्यास सांगितले असून, ती नुसती उपस्थित असणे पुरेसे मानलेले नाही. आढळलेली विकृती घडविण्यास ती समर्थ आहेत काय, हे पाहावयाचे आहे. १९५७ च्या नावातील नकार अशा रीतीने पुन्हा उघडपणे लिहिला गेला, आणि तान्ह्या मुलाच्या नोंदवहीत ते नाव चढविण्यापूर्वी डाव्या हृद्रोहिणीचे तोंड कोठे आहे हे शोधणे व्याख्येनेच बंधनकारक झाले.